एक तास चाळीस मिनिटं

गेल्या जुलैत एका शनिवारी सकाळी तिबोटी खंड्या आमच्या घरामागच्या फणसाच्या वाळक्या फांदीवर एक तास चाळीस मिनिटं बसून होता. चोचीत सापसुरळी. समोर दहा हातांवर दरडीतलं बीळ, बिळात पिल्लं, आणि मधे सात माणसं. सहा महिने झाले, तरी ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

घर महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका वाडीत आहे. इकडे उतारावर घर बांधायचं तर आधी डोंगर कापून सपाटी करावी लागते. मग घराच्या पाठीशी मातीची उभी भिंत उरते, तिला सगळे दरडच म्हणतात. पावसात तिच्यावर नेचे आणि तेरडा माजतो. पहाटे कुठूनतरी कस्तुराची शीळ येते. आणि मृगाच्या पावसाबरोबर या दरडीवर हक्क सांगायला तिबोटी येतो.

चिमणीपेक्षाही लहान, जेमतेम १३ सेंटिमीटरचा. पोट पिवळं, चोच पोवळ्यासारखी लाल, पाठीवर जांभळी झाक. बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटं असतात, याला तीन, म्हणून तिबोटी. नर आणि मादी दिसायला सारखीच, त्यामुळे त्या दिवशी फांदीवर बाप होता की आई, हे सांगता येत नाही. दोघं आळीपाळीने दरडीवर चोची हाणतात, सुटलेली माती पायांनी मागे ढकलतात आणि कधी कधी मीटरभर खोल बोगदा खणतात. चार-पाच अंडी, सतरा दिवसांची उबवण, मग वीसेक दिवस पिल्लांना भरवणं. नावाला खंड्या, पण मासे कमीच. आमच्याकडे सापसुरळ्या, पाली, बेडूक, कोळी आणि पऱ्यातले बारके खेकडे असा त्याचा बाजार असतो.

चूक माझ्याकडून सुरू झाली. मोबाइलवर काढलेला एक फोटो मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला, खाली वाडीचं नाव लिहिलं. आठवड्याच्या आत दोन गाड्या दारात उभ्या राहिल्या.

माणसं वाईट नव्हती. चपला काढून पडवीत आली, चहा घेतला, आईची विचारपूस केली. मग मागे जाऊन तिकाटण्या लावल्या. बिळाच्या तोंडावर नेच्याची पानं लोंबत होती, ती एकाने कात्रीने कापली, फोटोत आडवी येतात म्हणून. दुसऱ्याने शेवाळ धरलेली काठी आणून बिळासमोर रोवली, पक्षी तिच्यावर बसला की चित्र चांगलं येतं म्हणून. ती पानं गेली आणि बीळ उघड्यावर पडलं. साप, मुंगूस, कावळा, कुणालाही लांबून दिसावं असं.

सव्वासातला तिबोटी आला. सापसुरळी फांदीवर दोन-तीनदा आपटली आणि चोचीत आडवी धरली, तिचं डोकं बाहेरच्या अंगाला. खंड्याला स्वतः खायचं असेल तर तो भक्ष्याचं डोकं घशाकडे वळवतो, भरवायचं असेल तर डोकं बाहेर ठेवतो, म्हणजे पिल्लाला गिळायला सोपं जातं. घास पिल्लांचाच होता, यात शंका नको. तो मान वरखाली करायचा, बिळाकडे झेप घ्यायचा, निम्म्यातून वळायचा आणि पुन्हा फांदीवर. अशा अकरा झेपा मी मोजल्या. दर झेपेला सात कॅमेरे एकदम खडखडायचे.

शेजारच्या काकू धुण्याची बादली घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. "ओ दादा, त्याची पोरं भुकेली असतील, जरा बाजूला व्हा की."

"काकू, दोनच मिनिटं."

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पाहुण्यांना कसं बोलायचं, हा संकोच. नऊला पाच कमी असताना त्याने चोचीतली सापसुरळी हळूच फिरवली, डोकं आत घेतलं आणि स्वतः गिळली. मग तो उडून गेला.

बिळात अंडी किती होती, ते कुणी पाहिलं नव्हतं. नवव्या दिवशी दोन पिल्लं बाहेर पडली.

याच जिल्ह्यात किहीमला १९३०मध्ये सालिम अलींनी सुगरणींच्या घरट्यांवर रोज नजर ठेवली, तेव्हा एकाच नराचे अनेक संसार असतात हे उलगडलं. पाहायला दिवसच्या दिवस द्यावे लागतात, एक शनिवार पुरत नाही. कॅमेरेवाल्यांना वाडीत पाऊलच ठेवू देऊ नये, असं तेव्हा वाटलं होतं. आज तसं ठाम म्हणवत नाही. बेचकी घेऊन फिरणारा शेजारचा सातवीतला मुलगा त्या दिवशी एकाच्या कॅमेऱ्यात तिबोटीचा डोळा जवळून बघून गप्प झाला. दुसऱ्या दिवसापासून तो वहीत पक्ष्याच्या खेपा मांडू लागला. पिल्लं दोन निघाली, हेही त्याच्याच वहीत आहे.

आता नवीन पेच आहे. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून पाऊस वाढला की आई दरडीकडच्या खोलीत झोपत नाही. वाडीतल्या चार घरांमागे सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, आमच्या मागेही व्हायची आहे. दरडीला हात लावू नये असं म्हणणारा मीच आता गवंड्याच्या मागे लागलो आहे. म्हणून ज्यांच्या घरामागे अशी दरड आहे त्यांना एवढंच सांगणं: भिंत जरूर बांधा, पण जेसीबी दसऱ्यानंतर बोलवा. तोवर तिबोटी निघून गेलेला असतो.