शंभरची मोजणी

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला सासुरवाडीत उगाचच शहाणं समजतात. माझ्या मेहुण्याच्या मते तर बी.कॉम. म्हणजे जगातल्या कुठल्याही दोन कोटेशनांतलं योग्य कोणतं ते सांगू शकणारा प्राणी. त्यामुळे एप्रिलात लातूर जिल्ह्यातल्या त्याच्या गावाहून फोन आला, ‘‘दाजी, ऑगर घ्यावा का पट्टा?’’

मला दोन्हींपैकी एकच ठाऊक होता, आणि तो कमरेचा.

चौकशीअंती कळलं ते असं. गावातले बाराजण मिळून सोयाबीनचं घरचं बियाणं तयार करतात. ते ढिगातून चाळणीवर आणि तिथून ट्रॉलीत चढवायला काहीतरी हवं होतं. ऑगर म्हणजे पाइपात फिरणारा लोखंडी स्क्रू. गोल जिनाच फिरू लागला आणि दाणे पायरीपायरीने वर गेले, असं समजा. स्वस्त, आटोपशीर, उभा चढ चढणारा. पट्ट्यावर मात्र दाणे मांडी घालून बसल्यासारखे वर जातात. तो लांबलचक, जागा अडवणारा आणि किंमत जवळजवळ दुप्पट.

मी पाच मिनिटांत निकाल दिला. घसारा, व्याज, दुरुस्ती, तिन्ही खाती ऑगरच्या बाजूने बोलत होती.

‘‘पण दाजी, त्याच्यात बी फुटतं म्हणतेत.’’

‘‘मग चांगलंच की! फुटावं म्हणूनच पेरतात ना?’’

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मोठ्या बहिणीचा नवरा असल्याचे काही फायदे असतात.

मग त्याने मला सोयाबीन शिकवलं. या दाण्याचं साल पातळ, आणि कोंब अगदी सालीखालीच. स्क्रू आणि पाइप यांच्या फटीत दाणा सापडला की आत चीर जाते. वरून दिसायला अख्खा, पण मातीत गप्प. उन्हाळ्यात दाणा जास्त वाळला की आणखीच वाईट. ऑगर गच्च भरून, हळू फिरवला तर फूट कमी होते. पण ट्रॉली दारात उभी आणि मजूर घड्याळ बघतायत, अशा वेळी हळू कोण फिरवतो? तेलाच्या गिरणीत जायचा माल असता तर प्रश्नच नव्हता, तिथे तो फुटायलाच जातो. पण 2020 सालच्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या होत्या. मेहुण्यानेही त्या वर्षी दुबार पेरणी केली होती. एकरी तीस किलो बियाणं दुसऱ्यांदा. ते पैसे कुठून आले, हे मला आमच्या हिच्या पाटल्या दिसेनाशा झाल्यावर कळलं होतं.

बाराजणांत दोन तट पडले होते, म्हणून मोजणी माझ्यावर आली. शेजारगावच्या ऑगरमधून आणि तालुक्याच्या गोदामातल्या पट्ट्यावरून एकाच ढिगाचं बी फिरवून दोन पुड्या पुण्याला आल्या. शंभरची गड्डी मोजण्यात माझी हयात गेली आहे, तरी पहिल्या मोजणीत नव्याण्णवच भरले. तूट ओट्याखाली सापडली. ओल्या गोणपाटात दाणे ओळीने मांडून गुंडाळी केली. मोड आणण्यातला अधिकार हिचा, तेव्हा पाणी शिंपडण्याचं खातं तिने ताब्यात घेतलं. ‘‘मटकीसारखं भिजवू नका, कुजेल,’’ असं बजावून रोज सकाळी देवपूजेआधी ती गोणपाटाकडे जाई.

सातव्या दिवशी गुंडाळी उलगडली. पट्ट्याचे छ्याऐंशी, ऑगरचे अडुसष्ट. बियाण्याला उगवण निदान सत्तर टक्के लागते. म्हणजे ऑगर दोन मार्कांनी नापास. मी तीनदा मोजलं. ही म्हणाली, ‘‘कितीदा मोजाल? नोटा नाहीत त्या, वाढणार नाहीत.’’ खरं तर वाढणारी वस्तू तीच होती, पण ते बोललो नाही.

गटाने पट्टा घेतला. माझा पहिला निकाल सासुरवाडीत कोणीही काढत नाही, ही त्यांची सभ्यता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मीच फोन केला, ‘‘उगवलं का रे?’’

‘‘दाजी, पेरलंच कुठं? पाऊस नको का?’’

पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नसतं म्हणे. तोवर अडतीस झाला होता. सध्या सकाळी वर्तमानपत्र आलं की ही माझ्या हातून ते काढून घेते आणि लातूरचा आकडा मोठ्याने वाचते.