कोरी बाजू

नाण्याला दोन बाजू असतात, असे आपण उठताबसता म्हणतो. पण नाणे उलटे हातावर पडले म्हणून ते कोणी परत केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. छापा वर असो की काटा, रुपयाचा रुपयाच. गाण्याच्या तबकडीचे तसे नव्हते. तिच्या दोन बाजूंपैकी एक मानाची आणि दुसरी नुसती मागची. मानाच्या बाजूवरच्या गाण्यासाठी लोक दुकानात पैसे मोजीत. मागचे गाणे, पाहुण्यांबरोबर त्यांच्या शेजाऱ्याचे पोर यावे तसे, आपोआप घरी येई.

हे सारे आठवायला निमित्त झाला माझा नातू. मागल्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे घेऊन तो मला सांगू लागला, "आजोबा, इंग्रजी गाण्यांत 'बी साइड' म्हणून एक प्रकार असायचा. खरे दर्दी तीच शोधून ऐकतात." मला हसू आले. फोनमधल्या गाण्याला ना पोट ना पाठ. आणि त्या पिढीने मला मागच्या बाजूचे माहात्म्य सांगावे! पण मी गप्प बसलो. कारण त्या शाळेत मीही शिकलो होतो, आणि फार उशिरा पास झालो होतो.

माझे आजोळ जुन्नरचे. मामांचा धंदा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा. १९५५ ते १९७० या काळात जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्यांचा कर्णा वाजला नाही असे गाव विरळा. ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, थेट सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत त्यांची बैलगाडी जाई. कर्णा आंब्याच्या शेंड्याला बांधला, बॅटरी जोडली आणि गाणे सुरू झाले, की चार शिवारांपलीकडच्या माणसालाही कळे, की लग्न लागायला अजून अवकाश आहे, सावकाश निघाले तरी चालेल.

मामांजवळ दोनशेवर तबकड्या होत्या. मांडवातल्या गडबडीत भलतीच बाजू लागू नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. जे गाणे लोक मागत, त्या बाजूच्या कागदावर ते तेलात कालवलेल्या शेंदराचा ठिपका देत. त्यामुळे आम्हा भाचरांच्या बोलीत तबकडीला एक 'शेंदरी बाजू' असे आणि एक 'कोरी बाजू'. मांडवात कोरी बाजू लावायची नाही, हा मामांचा दंडक. ते म्हणत, "लोक आपल्याला ओळखीच्या गाण्याचे पैसे देतात. नव्या ओळखी करून घ्यायला लग्नात वेळ कोणाला आहे?"

खरे म्हणजे तबकडीला जन्मतः एकच बाजू होती. १९०२ साली कलकत्त्याला गोहरजानचे गाणे प्रथम तबकडीवर उतरले, तेव्हा तबकडीची पाठ सपाट आणि मुकी असे. तबकड्या छापूनही यायच्या त्या जर्मनीतल्या हानोव्हरहून. पुढे दोन्ही अंगांनी गाणे कोरण्याची सोय झाली. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहात कारखानाही निघाला. दहा इंची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत गाणे संपे. पाठ कोरी ठेवणे परवडेना, म्हणून तिथेही काहीतरी भरणे आले. मागची बाजू ही अशी काटकसरीची लेक.

सगळ्याच मागच्या बाजू म्हणजे रत्ने होती, असे मी म्हणणार नाही. पुष्कळशा नुसती भरताड होत्या. पण एक गोष्ट मात्र होई. पुढच्या बाजूवर साऱ्यांची नजर. तिथे गाणाऱ्याने लोकांना काय आवडेल ते गायचे. मागच्या बाजूवर कोणाचीच फारशी भिस्त नसे, म्हणून तिथे त्याला क्वचित स्वतःला आवडेल ते गाता येई. पाहुण्यांपुढे पाठ केलेले बोलणारा माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मनातले बोलतो, तसे.

आणि कधी कधी तबकडी उलटते. १९५४ साली अमेरिकेत बिल हेलीची एक तबकडी निघाली. तिची पुढची बाजू आज कोणाला आठवत नाही. मागे होते 'रॉक अराउंड द क्लॉक'. पुढच्या वर्षी ते 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटाच्या आरंभी वाजले आणि सगळी तरुण पिढी नाचू लागली. १९७८ मध्ये ग्लोरिया गेनरचे 'आय विल सर्व्हाइव्ह' असेच मागच्या बाजूला घातले होते. नृत्यगृहांत तबकड्या लावणाऱ्यांनी ती उलटी केली आणि तेच गाणे जगभर गेले. आणि मैदानावर हजारो माणसे दोनदा पाय आपटून एक टाळी देतात, ते 'वी विल रॉक यू' १९७७ साली 'वी आर द चॅम्पियन्स'च्या पाठीवर बसून आले होते. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुल्सारा. त्याचे शाळेतले दिवस आपल्या पाचगणीला गेले. नातवाला हे मी सांगितले तेव्हा त्याच्या हातातली करंजी हातातच राहिली.

पण ही झाली नशीब उघडलेल्या बाजूंची गोष्ट. ज्यांचे नशीब कधी उघडलेच नाही, त्यांचे काय? ते मला मामींनी शिकवले.

मामी आंबेगावच्या. तालुक्याला ज्याचे नाव आहे त्या, घोड नदीकाठच्या मूळ आंबेगावच्या. मामा बोलके, दिलदार, चारचौघांत उठून दिसणारे. मामींचे बोलणे मला आठवते ते एवढेच : "जेवून घे" आणि "दिवे लागले, घरात ये". मामा शेंदरी बाजू आणि मामी कोरी बाजू, असा हिशेब मी लहानपणीच करून टाकला होता, आणि पुढे पन्नाशी उलटेपर्यंत तो तपासून पाहिला नाही.

तपासण्यासारख्या खुणा होत्या. नारायणगाव आमच्या जवळ. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाने आणि पुढे विठाबाईंनी ज्याचे नाव महाराष्ट्रभर केले, ते हे तमाशाचे पंढरपूर. जत्रेतल्या तमाशाला मामा मला बरोबर नेत. लोक खरे जमत ते लावणीला आणि वगाला. गण चालू असतो तेव्हा निम्मे प्रेक्षक अजून चहाच्या गाडीपाशी असतात. मामा मात्र गणाला सर्वांआधी जाऊन बसत, गौळण संपेपर्यंत डोळे मिटून ऐकत आणि वगाला रंग चढू लागला की म्हणत, "चल, सकाळी सुपारी आहे." मला तेव्हा त्यांचा फार राग येई. हा माणूस ऐकतो काय आणि मांडवात वाजवतो काय, हा प्रश्न काही मला पडला नाही.

मामा २००४ च्या पावसाळ्यात गेले. त्या दिवाळीला मी जुन्नरला गेलो तो माळा साफ करायच्या बेताने. तबकड्यांच्या पेट्या उगाच जागा अडवून होत्या. पुण्याच्या जुन्या बाजारातला एक गिऱ्हाईकही मी बोलावून ठेवला होता. विकण्याआधी दोन-चार ऐकाव्यात म्हणून पितळी कर्ण्याची जुनी चावीची पेटी खाली काढली, डबीतली पोलादी पिन लावली आणि एक शेंदरी बाजू फिरवली.

आतून आली ती नुसती खरखर. तापल्या तेलात चकल्या सोडाव्यात तशी. दुसरी लावली, तिसरी लावली, तोच प्रकार. कारण उघड होते. या तबकड्या लाखेच्या. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असे. तिच्यावर पिन झिजते आणि झिजलेली पिन मग तबकडीची रेघ खरवडून काढते. म्हणून गाण्यागणिक पिन बदलायची असते. मामा एका पिनीवर अख्खे लग्न काढीत! ज्या गाण्यांवर गावे लुब्ध होती, ती त्या लोभानेच पुसून गेली होती.

स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "अरे, उलटी कर ना."

मी तबकडी उलटली आणि पिन टेकवणार, तोच त्या पिठाचे हात घेऊन लगबगीने बाहेर आल्या. "थांब, थांब! त्या बाजूला पिन नाही लावायची." हात पुसून त्यांनी कोनाड्यातून एक तपकिरीची डबी काढली. आत बाभळीचे काटे होते. सारख्या लांबीचे, बुंध्याशी नीट तासलेले. त्यांतला एक त्यांनी पिनेच्या जागी बसवला आणि चावी दिली.

आवाज मऊ होता, लहान होता. पण स्वच्छ होता. जणू बाई शेजारच्या खोलीत गात होती. आणि माझ्या मामी, ज्यांना मी उभ्या जन्मात गुणगुणताना ऐकले नव्हते, त्या दाराच्या चौकटीला टेकून प्रत्येक अंतरा गाणारीच्या आधी उचलत होत्या.

मग हळूहळू सारे कळले. मामा रात्री लग्नाहून थकून येत आणि झोपत. मामी या पेटीच्या कर्ण्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबत, काटा बसवत आणि एकेक कोरी बाजू ऐकत. काट्याने तबकडी झिजत नाही. दोनशे तबकड्यांच्या मागच्या बाजू त्यांना पाठ होत्या. मी ज्यांना कोऱ्या समजत होतो, त्या कोऱ्या नव्हत्याच. त्यांना एक ऐकणारे माणूस होते.

एक गाणे त्यांनी दोनदा लावले. जात्यावरच्या ओवीच्या चालीचे होते. "आमची आई पहाटे असंच म्हणायची," त्या म्हणाल्या. त्यांचे आंबेगाव तोवर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले होते. घर, ओटा, जाते, सगळे. तबकडी थांबली तेव्हा त्यांनी तिच्यावरून पदर फिरवला. "माहेर पाण्यात गेलं रे. पण ह्याच्यावर अजून कोरडं आहे बघ."

मला काही बोलवेना. काहीतरी विचारायचे म्हणून मी विचारले, "मामी, हे काटे एवढे मापात कोण तासून द्यायचं तुम्हांला?"

त्या हसल्या. "कोण म्हणजे? माप कुणाला ठाऊक होतं? दर पावसाळ्याआधी डबी भरून कोनाड्यात ठेवायचे. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही."

"मग ते रात्री झोपलेले नसायचे?"

"झोपलेल्या माणसाचा पाय ताल धरतो का रे?" असे म्हणून त्या चकल्या उलटायला आत गेल्या.

जुन्या बाजारातल्या गिऱ्हाइकाला मी त्याच दिवशी निरोप धाडला, येऊ नका म्हणून. त्याला वाटले, मी भाव वाढवतो आहे. त्याने दुप्पट सांगितले.

मामींना जाऊनही आता बरीच वर्षे झाली. पेट्या पुण्याला माझ्या खोलीत आहेत. मागल्या दिवाळीत नातवाचे 'बी साइड'वरचे व्याख्यान संपल्यावर मी त्याच्या हाती तपकिरीची डबी दिली, कर्ण्यात बोळा घालायला शिकवले आणि जात्यावरच्या चालीचे ते गाणे लावले. तो बराच वेळ कान कर्ण्याशी नेऊन बसला होता. मग म्हणाला, "आजोबा, हे मोठ्यानं लावता येणार नाही का?"

"येईल की," मी म्हटले, "पिन लावली तर. पण मग फार दिवस पुरायचं नाही."

त्याने दुसरा काटा घेतला आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.

काटे मात्र आता जपून वापरावे लागतात. पुण्याच्या सोसायटीत बाभूळ कोठली? म्हणून जुन्नरला गेलो की ओंजळभर घेऊन येतो आणि रविवारी गच्चीत बसून तासतो. आमच्या घरातून यावर नेहमीचा शेरा येतो : "लोक जुन्नरहून द्राक्षे आणतात, हे काटे आणतात."

मी उत्तर देत नाही. फक्त रात्री गाणे संपल्यावर मुद्दाम वळून पाहतो; पलीकडच्या खोलीत ती झोपलेली असते, आणि तिच्या पायाची बोटे हलत असतात.