यादीत नसलेली नावे

२००३ च्या सुमारास कळंबला माझा लहानसा संगणकवर्ग होता. तीन जुने संगणक, त्यातला एक बहुधा बंदच. दुपारी लाइट गेली की मी मुलांना संगणकाचा इतिहास सांगायचो. बॅबेजपासून सुरुवात आणि बिल गेट्सवर शेवट.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, इसमें अपना कोईच नहीं क्या?"

वर्ग हसला. मला हसू आले नाही. 'अपना' म्हणजे कोण, देशातला, आपल्या भागातला की आपल्या मोहल्ल्यातला, हे तिने सांगितले नाही. पण साहित्याच्या याद्यांत आपली नावे शोधतच मी मोठा झालो होतो. नाव सापडले नाही की माणूस समजून चालतो, आपण काही केलेच नसणार.

महिनाभरात तिचे लग्न ठरले. वर्ग सुटला.

मी मात्र शोधत राहिलो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली स्वतः संगणक उभारला होता. जुन्या रेडिओत असत तसे २,७०० व्हॉल्व्ह त्यात होते. स्मृती अवघी २,०४८ शब्दांची. आज मोबाइलवरचा साधा फोटोही त्यात मावणार नाही. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले 'टिफ्रॅक'.

दुसरे नाव तर घराजवळच निघाले. यवतमाळहून 'शकुंतला'ने मी फूफीकडे मूर्तिजापूरला जायचो. त्याच तालुक्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर. अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाले. भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिथे 'परम ८०००' तयार झाला. मराठीबरोबर उर्दूलाही संगणकावर आणण्याचे काम याच संस्थेत झाले.

गेल्या ईदला ती मुलगी माहेरी आली होती. सलाम करायला घरी आली, तेव्हा मी उत्साहाने हे सगळे सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तब मालूम होता सर, तो अब्बा से थोड़ा और झगड़ती."

मी काय बोलणार?

तिची मुलगी यंदा नववीत आहे. हे सारे एका वहीत लिहून मी तिच्या हाती दिले. शेवटची पाने कोरी ठेवली आहेत.