वैद्याशीं संकोच कसला ?

डॉक्टरांस उलट विचारणें आमच्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस उद्धटपणाचें वाटतें. परंतु पृच्छा म्हणजे अवज्ञा नव्हे. शाळेंत जो विद्यार्थी शंका विचारी, त्याचाच पाठ पक्का होई. औषधाविषयींही तेंच खरें.

खोकल्यावरील ज्येष्ठमधाचा काढा आपण निरुपद्रवी समजतों. पण तो पुष्कळ दिवस घेतल्यास रक्तदाब वाढूं शकतो व शरीरांतील पोटॅशियम घटतें. त्यांतच रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी गोळी चालू असली, तर ही घट अधिकच होऊन हृदयाचे ठोके बिघडण्याचें भय. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनबरोबर अंगदुखीसाठीं ॲस्पिरिन घेतल्यास रक्तस्राव संभवतो. डॉक्टर कांहीं आपल्या फडताळांत डोकावीत नाहींत. आपण सांगावें, तेव्हांच त्यांस कळणार.

म्हणून आमच्या सूनबाईनें एक वही केली आहे. काढे, चूर्णें, गोळ्या, सर्व तींत लिहिलेलें असतें. गेल्या वर्षीं ती पाहूनच डॉक्टरांनीं आमच्या कुटुंबाचा काढा थांबविला. वही पुढें ठेवून तीन प्रश्न अवश्य विचारावे : हें औषध कशासाठीं ? किती दिवस ? कशाबरोबर घेऊं नये ? औषधांपासून होणारा अपाय टाळण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं मोहीम आरंभिली. तिचा आरंभ आपण आपल्या माजघरांतून करावा, हें बरें.