चौकटीभोवतीची पट्टी

जुनं घर दुरुस्तीला घेतलं की मी आधी आडबाजूच्या खोल्या बघतो. बैठकीच्या खोलीत प्रत्येक पिढीने हौस केलेली असते. कोठीची खोली, माजघर, जिन्याखालची अडगळ यांकडे कुणी फिरकलेलं नसतं. तिथली चौकट, तिथलं फडताळ मूळचं असतं. रंगाचे थर खरवडले की लाकूड दिसतं आणि या घराला किती सजावट झेपते ते कळतं.

पुण्याच्या पेठांतली बरीच घरं दोन काळांत बांधली गेली आहेत. पुढचा भाग जुना, जाड भिंतींचा. तिथल्या तुळयांवर वाकसाचे घाव हाताला लागतात. दार बिजागरीवर नसतं; खालीवर लाकडी खुंट असतो आणि तो उंबरठ्याच्या खळग्यात फिरतो. चौकट एवढी भक्कम की तिच्याभोवती वेगळी पट्टी लागतच नाही, चुन्याचा गिलावा थेट तिला येऊन भिडतो. मागचा भाग नंतरचा. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, मुंबई बंदरात उतरणारा माल घाटावर येणं सोपं झालं. यंत्रावर कापलेलं सरळ लाकूड, बिजागऱ्या, रंगीत काचा आल्या, भिंती बारीक झाल्या. बारीक भिंतीतल्या बारीक चौकटीला मात्र पट्टी हवीच, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि गिलाव्याजवळ फट पडते. ती फट झाकणं हे पट्टीचं खरं काम आहे.

म्हणून मागच्या भागातली पट्टी पुढच्या भागात नेणं मला पटत नाही. दोन्हीकडे एकसारखं केलं की घराचं वय पुसलं जातं.

मालकांचा आग्रह बहुधा उलट असतो. "अहो, हॉल अगदी बोडका वाटतो, एखादी महिरप तरी बसवा ना!" विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव खांब पाहून आलेल्या माणसाला तसं वाटणं स्वाभाविक आहे. मी त्यांना त्यांच्याच घराच्या कोठीत नेतो. मोठ्या वाड्यांतही कोरीवकाम दिवाणखान्याला, दर्शनी चौकाला, देवघराला असे. कारकुनी करणाऱ्या कुटुंबाच्या दोनखणी घरात ते नव्हतं, आणि त्या घरातला सुतार काही कमी कसबी नव्हता. कुसू सालीत इतकं घट्ट बसवलेलं असतं की इतक्या वर्षांनीही सांध्यात पटाशीचं टोक शिरत नाही. ती सफाई हीच त्या घराची शोभा आहे, आणि बाजारातून आणलेली कोरीव महिरप तिच्यासमोर उपरी वाटते.

भिंतीच्या पायथ्याशीही हाच प्रश्न येतो. जुन्या भागात लाकडी स्कर्टिंग मी लावू देत नाही. तिथे गेरूचा हातभर पट्टा शोभतो, शिवाय चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहते. मागच्या सिमेंटच्या फरशीला त्याच फरशीचं स्कर्टिंग पुरतं. एमडीएफच्या तयार पट्ट्या ओल धरणाऱ्या भिंतीला लावल्या की पावसाळ्यात तळाशी फुगतात.

पट्टी नव्याने करायची वेळ आली तर मूळ पट्टीचा हातभर तुकडा काढून घ्यायचा, टोक सरळ कापून त्याचा छेद कागदावर उतरवायचा आणि त्याबरहुकूम रंध्याचं पातं घासून घ्यायचं. बहुतेकदा छेद अगदी साधा निघतो: सपाट पट्टी, एका कडेला बारीक गोलाई. रुंदीसुद्धा मूळचीच ठेवायची. अर्धा इंच वाढवला तरी दार बुटकं दिसतं. सागवान जुनंच मिळालं तर उत्तम, मोडलेल्या घराच्या तुळईतून चिरून घेतलेलं. त्यावर जवसाच्या तेलाचे दोन हात द्यावेत, पॉलिशची चमक नको.

पट्टी खिळ्यांनी हलकीच अडकवून ठेवावी आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. लाकूड त्या भिंतीशी जुळलं की मग पक्की ठोकून कडेची रेघ चुन्याने भरून घ्यावी. मालक घाई करतात, पण या गोष्टीतही मी ऐकत नाही.