चिचपल्लीचा बांबू, घुग्घुसचे सिमेंट

चंद्रपूर-मूल रस्त्यावरचे चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र हे विद्यापीठ नव्हे, ते वनखात्याचे. तरीही शिक्षणसंस्था आपला परिसरच प्रयोगाला लावते म्हणजे काय करते, हे या जिल्ह्यात पाहायचे तर तिथेच. बांबूचे बांधकाम शिकवायचे तर शिकवण्याची इमारतही बांबूचीच हवी, असा तिथला विचार. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेची फायटोरिड पद्धत, म्हणजे वनस्पतींच्या मुळांतून सांडपाणी शुद्ध करण्याची रीत, अशीच चालवून पाहिली गेली.

याच जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये सिमेंट तयार होते, स्पंज आयर्न तयार होते आणि सभोवती वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसाखाणी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथे होते. देशभरच्या घरांना लागणाऱ्या सिमेंट-लोखंडाची धूळ इथल्या दोरीवरच्या कपड्यांवर बसते. सिमेंट-लोखंडाचे थोडेफार काम बांबूवर भागते का, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखकाने चिचपल्लीला बांबूकाम शिकून घेतले.

पहिला धडा बांधणीचा नसतो, किडीचा असतो. बांबूत साखर आणि पिष्ट असते, त्यावर भुंगेरा जगतो. तोडलेल्या बांबूखाली काही महिन्यांतच पिठासारखा भुगा दिसू लागतो. उपाय म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बांबू भिजत ठेवणे. पाणी आत शिरावे म्हणून लांब लोखंडी गजाने आतून गाठी फोडायच्या. कटांग जातीच्या पोकळ बांबूच्या गाठी फटाफट फुटतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मात्र मुख्यतः मानवेल, आणि कोरड्या जमिनीवरचा मानवेल जवळजवळ भरीव. लेखकाचा गज त्यात दोन बोटे शिरून अडकला, तो हातोडीने ठोकून बाहेर काढावा लागला. असा बांबू चिरून भिजवावा लागतो किंवा जास्त दिवस पाण्यात ठेवावा लागतो. भार पेलायला तो उत्तम, औषध प्यायला हट्टी. पोकळ बांबू गृहीत धरून लिहिलेली पुस्तके इथे अर्धीच उपयोगी पडतात. इथला बांबू, इथला भुंगेरा आणि इथला पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा एकत्र असलेल्या आवारातच खरी पारख होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राची बांबूची इमारत आगीत जळाली. गावात बांबूच्या घराला पहिला आक्षेप असतो तोही हाच. लेखकाच्या मते अशा आगीने प्रयोग संपत नाही, प्रश्न नेमका होतो. उघडा, पॉलिश केलेला बांबू देखणा दिसतो आणि लवकर पेटतो. जुन्या घरांतला कुडाचा बांबू माती-शेणाच्या जाड लिंपणाआड असतो, त्याला आग पोचायला वेळ लागतो. पाहुण्यांना दाखवायच्या इमारती सहसा पहिल्या प्रकारच्या असतात, हा भाग वेगळा.

लेखकाने घुग्घुसला परतल्यावर मागल्या अंगणात कोठीची एक भिंत कुडाचीच घातली : औषध दिलेल्या कामट्या, वर मातीचे लिंपण आणि चुन्याचा हात. भुगा अजून पडलेला नाही. पावसाच्या बाजूचे लिंपण मात्र पुन्हा करावे लागले. शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळाच होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले, तेव्हा हलके घर बरे का? जमीनच खालून पोकळ असेल तर हलक्या घरालाही आधार राहत नाही. त्याचे उत्तर खाणीत शोधावे लागते.

बांबू मिळण्याची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला, आणि वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी ‘झाड’ राहिला नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ मध्येच स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाच्या आवारात लिंपलेली आणि उघडी अशा दोन्ही भिंती शेजारी-शेजारी उभारून चार-पाच पावसाळे नोंदी ठेवता येतील. मानवेल किती दिवस भिजवावा, लिंपण किती जाड असावे आणि सांधा तारेने बांधावा की बोल्टने, या तीन गोष्टी आधी तपासायला हव्यात.