उसनवारीचा इतिहास : स्मार्टफोनने कोणाकडून काय घेतले?

१/
शुक्रवार, २४ ऑगस्ट २०१२. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील संघीय न्यायालयात ज्यूरीच्या नऊ सदस्यांनी निकाल दिला. सॅमसंगने आयफोनची नक्कल केली असून त्यापोटी ॲपलला सुमारे १०५ कोटी डॉलर द्यावेत, असा तो निकाल होता. ‘कोणी कोणाचे उचलले’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे अनेकांना वाटले. इतिहासाच्या अभ्यासकाचे मात्र एवढ्या उत्तरावर समाधान होत नाही. ते का, हे सांगणारा हा धागा.

२/
हा वाद फोनपेक्षा जुना आहे. डिसेंबर १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्स आणि त्यांचे सहकारी पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात गेले. पडद्यावरच्या खिडक्या आणि माउसने चालणारा संगणक त्यांनी तिथे पाहिला. त्या बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे शेअर बाजारात येण्यापूर्वीच विकत घेता आले होते. १९८४ साली मॅकिंटॉश आला, तो याच वळणाचा.

३/
पुढे मायक्रोसॉफ्टचे विंडोज आले आणि १९८८ साली ॲपलने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. १९८९ मध्ये झेरॉक्सने ॲपललाच न्यायालयात खेचले. चोरावर मोर म्हणतात तसा हा प्रकार! दोन्ही फिर्यादींच्या हाती विशेष काही लागले नाही. ॲपलने मायक्रोसॉफ्टला पूर्वीच दिलेला परवाना आड आला. शिवाय कॉपीराइट मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही, हेही स्पष्ट झाले.

४/
या पराभवाची सावली ९ जानेवारी २००७ च्या व्यासपीठावर दिसते. सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन दाखवताना, त्यातील शोधांसाठी दोनशेहून अधिक पेटंटचे अर्ज केल्याचे जॉब्स यांनी आवर्जून सांगितले. शोधाची घोषणा आणि संभाव्य प्रतिस्पर्ध्याला ताकीद एकाच भाषणात देऊन झाली.

५/
पण आयफोनही शून्यातून उपजला नव्हता. अनेक बोटांचा स्पर्श ओळखणाऱ्या फलकांवर टोरांटो विद्यापीठात १९८० च्या दशकातच काम झाले होते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील संशोधनातून उभी राहिलेली फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी ॲपलने २००५ साली विकत घेतली. बोटांच्या खुणांनी यंत्र चालवण्याचे बरेचसे ज्ञान त्या वाटेने ॲपलमध्ये आले.

६/
तिकडे २००३ मध्ये स्थापन झालेली अँड्रॉइड ही कंपनी गूगलने २००५ साली घेतली होती. तिच्या प्राथमिक नमुन्यांपैकी ‘सूनर’ हा बटणांच्या कीबोर्डचा, ब्लॅकबेरीच्या धाटणीचा फोन होता. आयफोनची घोषणा झाली आणि बेत पालटला. ‘सूनर’ मागे पडला आणि स्पर्शपडद्याचा ‘ड्रीम’ हा दुसरा नमुना पुढे आला. गूगलचे प्रमुख एरिक श्मिट त्या काळात ॲपलच्याच संचालक मंडळावर होते. ऑगस्ट २००९ मध्ये ते तिथून बाहेर पडले.

७/
ऑक्टोबर २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन विक्रीस आला. आयफोनमध्ये नसलेली एक गोष्ट त्यात होती. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले की आलेल्या सूचनांची यादी उघडत असे. ॲपलचे ॲप स्टोअर मात्र त्याआधी जुलै २००८ मध्येच सुरू झाले होते. गूगलने आपला बाजार ऑक्टोबरमध्ये उघडला. म्हणजे आरंभापासूनच देवघेव दोन्ही बाजूंनी होती.

८/
या देवघेवीची वही उघडली तर नोंदी अशा दिसतात. पडद्यावर उमटणारा कीबोर्ड अँड्रॉइडमध्ये एप्रिल २००९ मध्ये आला. दोन बोटांनी चित्र मोठे करण्याची सोय गूगलच्या नेक्सस वन या फोनला फेब्रुवारी २०१० मध्ये मिळाली. वरून खाली ओढायची सूचनांची यादी आयफोनवर ऑक्टोबर २०११ मध्ये अवतरली. अँड्रॉइडवर २००९ पासून असलेली विजेट्स आयफोनच्या होम स्क्रीनवर यायला २०२० उजाडले.

९/
तरीही संताप एकतर्फी होता. चांगल्या कल्पना उचलताना आपल्याला कधी संकोच वाटला नाही, अशी कबुली जॉब्स यांनी १९९० च्या दशकात दिली होती. अँड्रॉइडविषयीचा त्यांचा पराकोटीचा राग मात्र २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात नोंदलेला आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण तंत्रज्ञानाच्या जगालाही लागू पडते.

१०/
मार्च २०१० मध्ये ॲपलने एचटीसीवर आणि एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगवर दावा लावला. यातली गुंतागुंत अशी की आयफोनच्या चिप त्या काळी सॅमसंगच बनवत असे. एकाच कंपनीशी न्यायालयात भांडण आणि कारखान्यात व्यवहार, हे दोन्ही सुखेनैव चालू राहिले.

११/
खटल्यात जे कागद बाहेर आले, ते अभ्यासकासाठी निकालाहून मोलाचे आहेत. सॅमसंगचा २०१० सालचा १३२ पानांचा अंतर्गत अहवाल त्यांपैकी एक. आपला गॅलेक्सी एस आणि आयफोन शेजारी शेजारी ठेवून एकेका बाबतीत आपण कुठे कमी पडतो आणि काय सुधारावे, हे त्यात पानोपानी लिहिले होते. नक्कल कशी घडते याचे इतके तपशीलवार साधन सहसा हाती लागत नाही.

१२/
पण त्याच खटल्यात ॲपलचेही घर उघडे पडले. ऑक्टोबर २०१० मध्ये जॉब्स यांनी सात इंची टॅबलेटची खिल्ली उडवली होती. ते वापरायचे तर बोटे घासून बारीक करावी लागतील, असा त्यांचा रोख होता. जानेवारी २०११ मध्ये ॲपलचेच वरिष्ठ अधिकारी एडी क्यू यांनी सॅमसंगचा छोटा टॅबलेट वापरून पाहिला आणि आपणही असा काढावा, असे सहकाऱ्यांना ईमेलने कळवले. २०१२ च्या अखेरीस आयपॅड मिनी बाजारात आला.

१३/
मराठेशाहीची कागदपत्रे वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पाटीलकीचा तंटा गोतसभेपुढे गेला की साक्षी होत, पिढ्यांचा इतिहास सांगितला जाई आणि महजर तयार होई. ज्या गावात तंटा झाला नाही, तिथले वतन कसे चालले हे कळण्याची साधने फार तोकडी. भांडण झाले म्हणून कागद झाला आणि कागद झाला म्हणून इतिहास उरला. सॅन होजेच्या खटल्याकडेही असेच पाहिले पाहिजे.

१४/
महजराच्या मर्यादाही या खटल्यांना आहेत. ‘बोट सरकवून फोन उघडणे’ या ॲपलच्या पेटंटची गोष्ट घ्या. स्वीडनमधील निओनोड या छोट्या कंपनीच्या फोनमध्ये आयफोनपूर्वीच बोट सरकवून कुलूप काढता येत होते. तो पुरावा समोर आल्यावर, ॲपलच्या पद्धतीत शोध म्हणावे असे पुरेसे नवे काही नाही, असे म्हणत जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिथले पेटंट रद्द केले.

१५/
अमेरिकेत मात्र याच कल्पनेचे पेटंट टिकले. २०१४ साली दुसऱ्या खटल्यात सॅमसंगला सुमारे १२ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. ज्या पेटंटांपोटी तो बसला, त्यांत हे एक होते. अपिले चालत राहिली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅमसंगचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला. तोपर्यंत, सप्टेंबर २०१६ मध्येच, ॲपलने बोट सरकवून फोन उघडण्याची ती रीत आयफोनमधून काढून टाकली होती!

१६/
आणि ते १०५ कोटी? नुकसानभरपाईचा आकडा पुन्हा पुन्हा बदलला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आले. मे २०१८ मध्ये नव्या ज्यूरीने ५३.९ कोटी डॉलर ठरवले आणि जूनमध्ये दोन्ही पक्षांनी आपसात मिटवले. सात वर्षे चाललेल्या लढ्याचा शेवट बंद दाराआडच्या तडजोडीत झाला.

१७/
आता अशा उसनवारीकडे वळू, जिच्यावरून कधी गाजलेला खटला झाला नाही. जानेवारी २००९, लास व्हेगास. पाम या जुन्या कंपनीने ‘प्री’ हा फोन आणि वेबओएस ही प्रणाली सादर केली. पडद्याखालच्या पट्टीवर बोट वर सरकवले की चालू असलेले ॲप आक्रसून पत्त्याएवढे होई. सगळी उघडी ॲप पत्त्यांसारखी शेजारी शेजारी दिसत. नको असलेला पत्ता वर भिरकावला की ते ॲप बंद.

१८/
वाचकाने आपला फोन हाती घेऊन खालच्या कडेवरून अंगठा वर सरकवून पाहावा. बहुतेकांना तेच पत्ते दिसतील. पाम मात्र दिसणार नाही. एचपीने २०१० साली ही कंपनी १२० कोटी डॉलरना विकत घेतली. जुलै २०११ मध्ये वेबओएसवर चालणारा टॅबलेट आणला आणि १८ ऑगस्टला ही सारी उपकरणे बंद करत असल्याचे जाहीर केले. टॅबलेटला जेमतेम सात आठवडे मिळाले.

१९/
कंपनी बुडाली, कल्पना तरली. वेबओएसचे रूप घडवणारे मातियास दुआर्ते २०१० मध्येच गूगलमध्ये गेले होते. २०११ च्या अँड्रॉइडमध्ये अलीकडची ॲप चित्ररूपाने दिसू लागली आणि बाजूला सरकवून घालवता येऊ लागली. २०१३ मध्ये आयफोनवर शेजारी शेजारी मांडलेले पत्ते आले, तेही वर भिरकावून बंद होणारे. २०१७ च्या आयफोन टेनने मधले बटण काढून खालून वर सरकवण्याची खूण स्वीकारली. २०१९ मध्ये अँड्रॉइडही पूर्णपणे त्याच मार्गावर आले.

२०/
म्हणून पाम धुतल्या तांदळासारखी होती, असे नव्हे. आयट्यून्सशी जोडता यावे म्हणून तिचा फोन स्वतःला आयपॉड म्हणवून घेत असे. तिचे प्रमुख जॉन रुबिनस्टाइन पूर्वी ॲपलमध्ये आयपॉडचेच काम पाहत होते. आणि २००७ च्या मूळ आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये उघडी पाने साधारण अशीच शेजारी शेजारी दिसत! इथे साम्य दिसते. पण साम्य म्हणजे उसनवारीचा पुरावा नव्हे. हा भेद अभ्यासकाने कधी विसरू नये.

२१/
माणसांची ये-जा पाहिली की चित्र अधिक स्पष्ट होते. अँड्रॉइडचे अँडी रुबिन तरुणपणी ॲपलमध्ये अभियंता होते. त्यांनी स्थापन केलेल्या डेंजर या कंपनीत दुआर्तेही काम करून गेले होते. कल्पना पेटंटच्या कागदावर नोंदल्या जातात हे खरे. पण त्या प्रवास करतात माणसांबरोबर, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात. शिवाय लाखो हातांना एखाद्या खुणेची सवय लागली की प्रतिस्पर्ध्याला तिच्यापासून दूर राहणे परवडत नाही.

२२/
‘आधी कोण?’ हा प्रश्न न्यायालयाला विचारावाच लागतो, कारण त्याला कोणाच्या तरी पदरात माप टाकायचे असते. इतिहासाने त्याच प्रश्नावर थांबले, तर केवळ भांडणाऱ्यांचीच नावे उरतात. ॲपल आणि सॅमसंग यांच्या खटल्याची हजारो पाने आज वाचायला मिळतात. पामच्या पत्त्यांसाठी कोणी भांडले नाही, म्हणून रोज ती खूण करणाऱ्या कोट्यवधी लोकांना तिचे नावही ठाऊक नाही.

२३/
एक दुवा अजून शिल्लक आहे. २०१३ मध्ये एलजीने वेबओएस विकत घेतली आणि पुढच्या वर्षापासून ती तिच्या टीव्हींमध्ये आली. आज कित्येक मराठी घरांच्या दिवाणखान्यातही ती चालू आहे. टीव्ही सुरू करताना कोपऱ्यात ‘वेबओएस’ अशी अक्षरे दिसली, तर एका बुडालेल्या कंपनीचे नाव त्या वेळी आठवावे. श्रेय न्यायालयात मिळाले नाही, तरी स्मरणात ते देता येते.

(समाप्त)